मानदुखीवरील कर्षण चिकित्सा : उपयुक्तता, मर्यादा आणि यवतमाळ जिल्ह्याचा संदर्भ

सारांश

मानदुखी व हातात उतरणारी कळ यांवर ‘ट्रॅक्शन’ अर्थात कर्षण चिकित्सा मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. मानेला ओढ दिल्यामुळे मणके दूर होतात, दबलेली नस मोकळी होते आणि आजार बरा होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रस्तुत लेखात मानेची रचना, कर्षणाची कार्यपद्धती, उपलब्ध संशोधनाचा निर्वाळा आणि कर्षण निषिद्ध असणाऱ्या अवस्था यांचा यवतमाळ जिल्ह्यातील श्रमजीवन व भूजल यांच्या संदर्भात परामर्श घेतला आहे. योग्य निवड केलेल्या रुग्णास, व्यायामाच्या जोडीने दिलेले कर्षण उपकारक ठरू शकते. परंतु तपासणीविना सरसकट दिलेले कर्षण निरुपयोगी आणि काही वेळा घातकही ठरते, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : मानदुखी, कर्षण, चेतामूळ, मज्जारज्जू, भौतिकोपचार, फ्लोराइड, यवतमाळ जिल्हा.

प्रस्तावना

अस्थिरोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात किंवा भौतिकोपचार केंद्रात काही वेळ बसल्यास एक दृश्य हमखास दिसते. हनुवटीखाली आणि डोक्याच्या मागच्या बाजूस पट्टा अडकवलेला रुग्ण खुर्चीवर बसलेला अथवा खाटेवर निजलेला असतो. पट्ट्याची दोरी कप्पीवरून जाते आणि दुसऱ्या टोकास वजन अथवा यंत्र असते. पंधरा-वीस मिनिटांनी पट्टा सुटतो, रुग्णास बरे वाटते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येण्यास सांगितले जाते. हे बरे वाटणे कशामुळे, किती काळ आणि कोणास, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

हा प्रश्न यवतमाळसारख्या जिल्ह्यात केवळ वैद्यकीय राहत नाही. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २७,७२,३४८ असून तीपैकी सुमारे ७८ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. उमरखेड किंवा वणीकडील रुग्णास जिल्ह्याचे ठिकाण सुमारे शंभर किलोमीटर दूर पडते. दहा दिवस कर्षण घ्या, असे सांगणे डॉक्टरांस सोपे आहे. परंतु वेचणीच्या हंगामात मजुरी करणाऱ्या स्त्रीस त्याचा अर्थ दहा दिवसांची बुडालेली मजुरी आणि दहा वेळचे प्रवासभाडे असा होतो. तेव्हा हा उपचार कोणास लागू पडतो आणि कोणास नाही, हे ठरविणे तिच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे.

मानेची रचना

मानेत सात मणके असतात. वरचे दोन मणके इतरांहून वेगळ्या घडणीचे असून डोके वळविण्याचे बरेचसे काम त्यांच्याकडे असते. दुसऱ्या मणक्यापासून पुढे प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक लवचीक चकती असते. हिलाच लोकभाषेत ‘गादी’ म्हणतात. मणक्यांच्या मागील बाजूस तयार झालेल्या पोकळ नळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. त्यापासून दोन्ही बाजूंना चेतामुळे फुटतात व मणक्यांमधील लहान छिद्रांतून बाहेर पडून खांदा, दंड, मनगट व बोटे यांच्याकडे जातात. मणके सात असले तरी मानेतील चेतामुळांच्या जोड्या आठ आहेत.

प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे साडेचार ते पाच किलो असते. मान ताठ असताना हा भार मणक्यांच्या स्तंभावर सरळ पडतो. मान पुढे झुकली की भाराची रेषा स्तंभाच्या पुढे जाते आणि डोके सावरून धरण्यासाठी मानेच्या मागील स्नायूंना कितीतरी अधिक जोर लावावा लागतो. उत्तरपत्रिका तपासणारा प्राध्यापक, भ्रमणध्वनीत गढलेला विद्यार्थी आणि पऱ्हाटीवर वाकलेली वेचणारीण या तिघांच्या मानेवर येणारा ताण या अर्थाने एकाच जातीचा आहे. भेद आहे तो तासांचा, त्यात भर घालणाऱ्या ओझ्याचा आणि विश्रांती घेण्याच्या मुभेचा.

‘गॅप’ आणि ‘दबलेली नस’

मानदुखीचे स्थूलमानाने तीन गट पाडता येतात. पहिल्या गटात वेदना मान व खांदे यांपुरती मर्यादित असते. स्नायूंचा थकवा, चुकीची ठेवण, मान आखडणे, लचक भरणे ही तिची नेहमीची कारणे होत. बहुसंख्य रुग्ण या गटात मोडतात. दुसऱ्या गटात चकतीचा फुगवटा किंवा हाडाची वाढ चेतामुळास डिवचते. मग कळ खांद्यावरून हातात उतरते, बोटांना मुंग्या येतात, क्वचित पकड सैल होते. सहावे चेतामूळ बाधित झाल्यास अंगठ्याकडे, सातवे झाल्यास मधल्या बोटाकडे आणि आठवे झाल्यास करंगळीकडे संवेदना बदलते. लोक ज्यास ‘नस दबली’ म्हणतात ती ही अवस्था होय. तिसऱ्या गटात प्रत्यक्ष मज्जारज्जूवरच दाब येतो. ही अवस्था तुलनेने विरळ, परंतु सर्वांत गंभीर आहे.

आपल्याकडे या तिन्ही गटांना ‘मणक्यात गॅप आहे’ या एकाच वाक्यात गुंडाळण्याची प्रथा पडली आहे. या शब्दाने बराच घोटाळा केला आहे. क्ष-किरण चित्रात दिसते ते बहुधा चकतीची उंची कमी होऊन मणक्यांमधील अंतर घटल्याचे. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र मणके एकमेकांपासून सुटल्याचे चित्र उभे राहते. शिवाय असे बदल वयोमानाने निरोगी माणसांतही आढळतात. १९९० मध्ये बोडेन व सहकाऱ्यांनी मानेचा कोणताही त्रास नसलेल्या ६३ व्यक्तींचे चुंबकीय अनुस्पंदन चित्रण, म्हणजेच एमआरआय, अभ्यासले. चाळिशीच्या आतील २५ टक्के आणि चाळिशीपुढील जवळजवळ ६० टक्के व्यक्तींच्या मानेत किमान एक चकती झिजलेली अथवा अरुंद झालेली होती. त्यामुळे केवळ चित्रात झीज दिसली म्हणून वेदनेचे कारण सापडले, असे म्हणता येत नाही. चित्र आणि तपासणी यांचा मेळ बसल्यावरच निदानास अर्थ येतो.

जिल्ह्यातील श्रम आणि मान

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. निंदण व वेचणी ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करतात. वेचणीत मान तासन्‌तास खाली झुकलेली, हात पुढे पसरलेले आणि वेचलेला कापूस अंगाशी बांधलेल्या ओटीत साठत जाणारा, अशी स्थिती असते. वेचणीची मजुरी किलोवर मिळत असल्याने मध्येच थांबून मान मोकळी करणे म्हणजे मजुरी कमी करून घेणे होय. संध्याकाळी कापसाचे गाठोडे, सरपणाची मोळी किंवा पाण्याचा गुंड डोक्यावर येतो. फवारणी करणारा पुरुष सोळा लिटरचा पंप पाठीवर घेतो तेव्हा केवळ द्रावणाचेच सोळा किलोच्या आसपासचे वजन खांद्यांच्या पट्ट्यांवर लोंबते आणि तोल सावरण्यासाठी मान पुढे काढावी लागते. बाजार समितीतील हमाल, वणी परिसरातील कोळसा खाणींचे कामगार आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकी हाकणारे यांची गत याहून फार वेगळी नाही.

या श्रमातून उद्भवणारी मानदुखी बहुतांशी पहिल्या गटातील असते. तिला ठेवणीतील बदल, शेक, हालचाल व व्यायाम यांची गरज असते. दुसऱ्या गटातील काही रुग्णांना कर्षणाचा लाभ होऊ शकतो. तिसऱ्या गटातील रुग्णास कर्षणाच्या टेबलावर न निजविता तातडीने शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठविणे आवश्यक असते. कर्षणाविषयीची सारी चर्चा या वर्गवारीवर उभी आहे.

कर्षणाची परंपरा

ओढ देऊन हाडे व सांधे जागेवर आणण्याची कल्पना प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसऱ्या अध्यायात मोडलेल्या व निखळलेल्या हाडांच्या उपचारात आञ्छन म्हणजे ओढणे, पीडन म्हणजे दाबणे, संक्षेप म्हणजे जुळवून आणणे आणि बंधन या क्रिया सांगितल्या आहेत. मान पिरगळली असता अथवा आत दबली असता रुग्णाची मानेची मागील बाजू व जबडा धरून डोके वर उचलावे, नंतर बांधून सात रात्री उताणे निजवावे, असे तेथील विधान आहे. आजच्या कर्षणाचा पट्टाही हनुवटी आणि डोक्याची मागील बाजू याच दोन ठिकाणी आधार घेतो, हे साम्य लक्षणीय आहे. ग्रीक परंपरेत हिपोक्रॅटिसच्या नावाने ओळखला जाणारा ओढ देण्याचा बाक प्रसिद्ध आहे.

आधुनिक काळात १९३३ मध्ये क्रचफील्ड यांनी मानेच्या मोडलेल्या मणक्यांसाठी कवटीस चिमटे लावून ओढ देण्याची पद्धत प्रचारात आणली. ती रुग्णालयातील शल्योपचाराची बाब असून भौतिकोपचारातील पट्ट्याच्या कर्षणाशी तिची गल्लत करू नये. विसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील जेम्स सिरियाक्स यांनी चकतीच्या विकारांत कर्षणाचा जोरदार पुरस्कार केला. भारतात भौतिकोपचाराचे औपचारिक शिक्षण १९५३ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. पुढे विदर्भातही या शिक्षणाच्या सोयी झाल्या. वर्ध्याजवळील सावंगी (मेघे) येथील भौतिकोपचार महाविद्यालय हे त्याचे जवळचे उदाहरण होय.

कर्षण कसे कार्य करते

कर्षणाचे अपेक्षित परिणाम चार सांगितले जातात : मणक्यांमधील अंतर वाढणे, चेतामूळ ज्या छिद्रातून बाहेर पडते ते रुंदावणे, आकुंचन पावलेले स्नायू सैल होणे आणि वेदनेचा संदेश तात्पुरता मंदावणे.

यांपैकी पहिल्या दोन परिणामांसाठी पुरेशी ओढ आणि योग्य कोन आवश्यक असतो. बसलेल्या स्थितीत दिलेल्या ओढीतील पहिले साडेचार-पाच किलो डोक्याचा भार तोलण्यातच खर्ची पडतात. मणक्यांपर्यंत पोहोचते ती त्यावरील ओढ. उताण्या स्थितीत डोक्याचा भार उशीवर असतो, स्नायू अधिक सैल राहतात, म्हणून ही स्थिती सामान्यतः अधिक पसंत केली जाते. कोलाचिस व स्ट्रोम यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओढीचे प्रमाण आणि मान पुढे झुकविण्याचा कोन वाढविला असता मणक्यांच्या मागील बाजूचे अंतर अधिक वाढते, असे दिसून आले. यावरूनच मान सुमारे १५ ते २५ अंश पुढे झुकवून ओढ देण्याचा प्रघात पडला. मान मागे झुकलेल्या स्थितीत ओढ दिल्यास छिद्रे अरुंद होऊन त्रास वाढू शकतो.

तथापि हे वाढलेले अंतर मिलीमीटरच्या मापाचे असते आणि ओढ सुटल्यावर ते टिकून राहत नाही. फुगलेली चकती कर्षणाने कायमची आत जाते, झिजलेली गादी पुन्हा भरते किंवा वाढलेले हाड कमी होते, या समजुतींना आधार नाही. कर्षणाने मिळते ती वेदनेतून उसंत. त्या अवधीत मानेची हालचाल व स्नायूंचे बळ परत मिळविणे हे खरे कार्य होय.

पद्धती व मात्रा

कर्षणाचे तीन प्रकार प्रचलित आहेत. हाताने दिलेल्या कर्षणात उपचारक स्वतः डोके धरून हलकी ओढ देतो. त्यात रुग्णाची प्रतिक्रिया क्षणोक्षणी कळते, त्यामुळे ते चाचणी म्हणूनही उपयोगी पडते. सलग कर्षणात ठरावीक वजन ठरावीक काळ टांगलेले असते. खंडित कर्षणात यंत्र काही सेकंद ओढ देते, काही सेकंद ती कमी करते आणि हे चक्र चालू राहते.

सुरुवातीस सुमारे साडेचार ते साडेपाच किलो ओढ, ६० सेकंद ओढ व २० सेकंद शिथिलता, एकूण १५ मिनिटे, असा क्रम काही प्रमाणित अभ्यासांत वापरला गेला आहे. रुग्णाच्या सोशिकतेनुसार ओढ हळूहळू वाढविली जाते. हातातील कळ मानेकडे सरकणे व बोटांतील मुंग्या कमी होणे हे सुचिन्ह समजावे. उलट कळ अधिक खाली उतरली, चक्कर आली, मळमळले अथवा जबड्याचा सांधा दुखू लागला, तर उपचार तत्काळ थांबवावा. पट्ट्याचा मुख्य आधार डोक्याच्या मागील बाजूस असावा. सारा भार हनुवटीवर आल्यास दातांवर व जबड्यावर ताण येतो. सुमारे दोन-तीन आठवड्यांत फरक न पडल्यास तोच उपचार पुढे रेटण्यात स्वारस्य नाही.

संशोधनाचा निर्वाळा

ग्रॅहम व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये कॉक्रेन संस्थेसाठी केलेल्या आढाव्यात ९५८ रुग्णांचा अंतर्भाव असलेल्या सात यादृच्छिक चाचण्या तपासल्या. त्यांपैकी १०० रुग्णांची एकच चाचणी पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने निर्दोषतेच्या जवळ जाणारी होती आणि तीत सलग कर्षण व लटके कर्षण यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. केवळ एवढ्यावरून कर्षण निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढता आला असता.

परंतु २०१४ मध्ये फ्रिट्झ व सहकाऱ्यांनी चेतामुळाची वेदना असलेल्या ८६ रुग्णांचे तीन गट केले : केवळ व्यायाम, व्यायामासह दारावर टांगण्याचे घरगुती कर्षण आणि व्यायामासह यांत्रिक खंडित कर्षण. तिसऱ्या गटातील रुग्णांची वेदना व अक्षमता, विशेषतः काही महिन्यांनंतरच्या मोजणीत, अधिक घटलेली दिसली. अमेरिकेतील भौतिकोपचारतज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हातात उतरणाऱ्या जुनाट वेदनेत खंडित कर्षण व्यायामादी उपचारांच्या जोडीने द्यावे, अशी शिफारस आहे.

वरवर परस्परविरोधी भासणाऱ्या या निष्कर्षांत एक सूत्र आहे. पहिल्या ठिकाणी सलग कर्षणाची परीक्षा झाली. दुसऱ्या ठिकाणी खंडित कर्षण व्यायामाच्या सोबतीने आणि निवडक रुग्णांस देण्यात आले. निवड कशी करावी, याचा प्रयत्न रॅनी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये केला. त्यांच्या ६८ रुग्णांपैकी ३० जणांस कर्षण व व्यायामाने गुण आला. वय ५५ वा अधिक असणे, हात डोक्यावर ठेवल्यावर कळ कमी होणे, हाताने डोके हलके ओढल्यावर आराम पडणे, हाताच्या चेतेस ताण देणारी चाचणी होकारार्थी असणे आणि मानेच्या खालच्या मणक्यांवर दाब दिल्यावर कळ खाली उतरणे, ही लाभाची पाच पूर्वचिन्हे त्यांनी नोंदविली. अभ्यास लहान आहे, म्हणून ही चिन्हे अंतिम नियम मानू नयेत. तथापि यांतील बहुतेक तपासणीस यंत्र लागत नाही. ग्रामीण रुग्णालयातही ती काही मिनिटांत करता येते, ही बाब आपल्या दृष्टीने मोलाची आहे.

आणखी एक तथ्य ध्यानात घेणे आवश्यक आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील ५६१ रुग्णांच्या, १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेतामुळाचा विकार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के रुग्ण अखेरच्या तपासणीत लक्षणमुक्त अथवा किरकोळ त्रासाचे होते. त्यांपैकी सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांवरच शस्त्रक्रिया झाली होती. बहुतेक रुग्ण कालांतराने सुधारत असल्याने त्या काळात जो उपचार चालू असेल त्यास यश मिळाल्यासारखे दिसते. गावातील मान बसविणारा, तेल-मालिश, गळ्यातील पट्टा आणि कर्षणाचे यंत्र हे सर्व या श्रेयाचे वाटेकरी आहेत. म्हणूनच तुलनात्मक चाचणीविना केवळ अनुभवाच्या दाखल्यावर विसंबणे पुरेसे ठरत नाही.

कर्षण कोणास देऊ नये

कर्षणाचा धोका यंत्रापेक्षा चुकलेल्या निदानात अधिक आहे. पुढील अवस्थांत कर्षण देऊ नये :

१. मज्जारज्जूवर दाब असल्याची लक्षणे. सदऱ्याची गुंडी लावता न येणे, भाकरी थापताना वा सुई ओवताना हात अडखळणे, चालताना तोल जाणे, पाय ताठर होणे, लघवीवरील ताबा सुटणे, मान वाकविताच पाठीतून विजेसारखी सणक जाणे ही ती लक्षणे होत.

२. अलीकडील अपघात. झाडावरून, बैलगाडीवरून अथवा दुचाकीवरून पडल्यानंतरची मानदुखी अस्थिभंग नाही हे सिद्ध होईपर्यंत अस्थिभंगच समजावी. अशा रुग्णाची मान बसविणे किंवा ओढणे जिवावर बेतू शकते.

३. मणक्याचा क्षयरोग व अन्य जंतुसंसर्ग. रात्रीची वेदना, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन ही चिन्हे दिसल्यास प्रथम क्षयाची तपासणी करावी. किडलेल्या मणक्यास ओढ देणे म्हणजे ढासळत्या भिंतीचा उरला आधार काढणे होय.

४. कर्करोग, हाडांचा तीव्र ठिसूळपणा आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे.

५. संधिवाताभ आमवात. या रोगात वरच्या दोन मणक्यांमधील बंध सैल झालेले असू शकतात.

६. मेंदूस रक्तपुरवठा करणाऱ्या मानेतील रक्तवाहिन्यांच्या विकाराची शंका, म्हणजे चक्कर, दुहेरी दिसणे, बोबडे बोलणे.

याखेरीज डाव्या हातात उतरणारी प्रत्येक कळ मानेचीच असते असे नाही. छातीत दडपण, घाम व धाप यांसह आलेली वेदना हृदयाची असू शकते. ती ‘नस दबल्याची’ समजून दवडलेली वेळ भरून येत नाही.

फ्लोराइडचा प्रश्न

यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात या यादीत एका अवस्थेची स्वतंत्र भर घालावी लागते. जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. पांढरकवडा परिसरातील भूजलाविषयीचा अभ्यास २००७ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकार्य असून अन्य स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. त्याहून बरेच अधिक फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात, हाडे दाट होतात, अस्थिबंध कठीण होतात आणि कण्याची लवचीकता हरपते. प्रगत अवस्थेत मज्जारज्जूची नळी अरुंद होऊन त्यावर दाब येतो.

असा रुग्ण ‘मान वळत नाही’ अशीच तक्रार घेऊन येतो. वरवर पाहता ती आखडलेली मान वाटते. परंतु येथे अडथळा आकसलेल्या स्नायूचा नसून हाडासारख्या कठीण झालेल्या बंधांचा असतो. त्यास ओढ देऊन लाभ होत नाही आणि मज्जारज्जूवर आधीच दाब असल्यास हानीचा संभव राहतो. म्हणून केळापूर व त्यासारख्या बाधित भागातून आलेल्या रुग्णाचे दात पाहणे, पाठ व गुडघ्यांचा ताठरपणा तपासणे आणि तो कोणत्या विहिरीचे अथवा हातपंपाचे पाणी पितो हे विचारणे, या तीन गोष्टी कर्षणाच्या चिठ्ठीपूर्वी व्हावयास हव्यात. एका रुग्णाच्या मानेची विचारपूस अशा रीतीने साऱ्या वस्तीच्या पाण्यापर्यंत पोहोचते.

घरगुती कर्षण

अंतर लांब असल्यामुळे दारावर टांगण्याचा कर्षणसंच विकत घेण्याकडे अनेकांचा कल असतो. त्यात पाण्याची पिशवी अथवा वजने असतात. फ्रिट्झ यांच्या अभ्यासात या प्रकाराचा लाभ यांत्रिक कर्षणाइतका दिसला नाही, हे वर नमूद केले आहे. तरीही तज्ज्ञाने तपासून, मात्रा ठरवून व प्रत्यक्ष करून दाखवून सल्ला दिल्यास त्याचा मर्यादित उपयोग होऊ शकतो. दोरीस अंदाजाने विटा अथवा वाळूची पिशवी बांधणे, घरात एकटे असताना पट्टा लावणे, पट्टा लावून झोपी जाणे आणि एकाचा संच तपासणीविना दुसऱ्याने वापरणे हे मात्र कटाक्षाने टाळावे.

कर्षणाच्या जोडीने

कर्षणाने लाभलेली उसंत टिकवावयाची असेल तर व्यायामास पर्याय नाही. हनुवटी सरळ मागे घेऊन काही क्षण धरणे, खांद्यांची पाती मागे एकमेकांकडे आणणे, कपाळावर हाताचा तळवा ठेवून डोके न हलविता परस्परविरोधी जोर लावणे हे व्यायाम शेताच्या बांधावरही करता येतात. गळ्यातील पट्टा तीव्र वेदनेच्या पहिल्या काही आठवड्यांत आराम देतो; २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील २०५ रुग्णांच्या चाचणीत हे दिसून आले आहे. परंतु तो महिनोन्‌महिने वापरल्यास स्नायू दुबळे होतात.

कामाच्या पद्धतीतही बदल शक्य आहेत. ओटी लवकर रिकामी करणे, गाठोडी लहान बांधणे, डोक्यावरील ओझ्याऐवजी जेथे शक्य तेथे हातगाडी वापरणे, फवारणी पंपाचे दोन्ही पट्टे समान ताणणे या साध्या बाबी आहेत. मात्र किलोवर मजुरी असेल तोवर विश्रांतीचा उपदेश एकट्या मजुरास करून भागणार नाही; तो शेतमालकापर्यंतही पोहोचला पाहिजे.

निष्कर्ष

१. मानदुखीच्या बहुसंख्य रुग्णांस कर्षणाची आवश्यकता नसते.

२. चेतामुळाच्या वेदनेत, तपासणीने निवडलेल्या रुग्णास, व्यायामाच्या जोडीने दिलेले खंडित कर्षण उपकारक ठरू शकते. केवळ कर्षण हा संपूर्ण उपचार नव्हे.

३. हाताने डोके हलके ओढून पाहण्यासारख्या साध्या चाचण्या तालुका पातळीवर झाल्यास अनेक रुग्णांचे निरर्थक हेलपाटे व बुडणारी मजुरी वाचेल. अशा चाचणीपूर्वीही निषिद्ध अवस्था नाहीत याची खात्री करून घ्यावी.

४. मज्जारज्जूवरील दाब, अपघात, क्षय आणि यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात फ्लोराइडजन्य कणाविकार यांचा विचार झाल्याखेरीज कर्षण देऊ नये.

५. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामशिबिरांतून धोक्याच्या लक्षणांची माहिती आणि पाण्याच्या तपासणीचे महत्त्व गावोगावी पोहोचविता येईल. गुंडी लावता न येणे हे वार्धक्याचे लक्षण नसून मज्जारज्जूची हाक असू शकते, एवढे जरी घरोघरी कळले, तरी काही माणसांचे हातपाय वेळीच वाचतील.